सुपरचार्जर बसवताय? ऑइलची परतीची लाईन आधी नीट करा

हे सगळं इंजिनच्याच ऑइलवर चालणाऱ्या सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरबद्दल (पंख्याने इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) आहे. तुमच्या सुपरचार्जरचं ऑइल त्याच्यातच सीलबंद असेल तर लाईनचा भाग सोडा आणि सरळ उष्णतेवर या.

फीड, म्हणजे सुपरचार्जरला ऑइल पोचवणारी लाईन, सोपी आहे. ऑइल प्रेशर सेन्सरच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावायचा, तिथून बारीक लाईन सुपरचार्जरला. किटमधला रिस्ट्रिक्टर (ऑइल मोजकंच सोडणारं बारीक छिद्र) आहे तसाच ठेवा.

आता परतीची लाईन, इथे माझे दोन सील गेले. सुपरचार्जरमधून निघणाऱ्या ऑइलला प्रेशर नसतं, ते फेसाळलेलं असतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. मी होज ब्रॅकेटखालून वळवून चेंबरपाशी (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) जरा वर घेतला होता, दिसायला एकदम नीटनेटका, पण त्या झोळात ऑइल साचायचं, मागे तुंबायचं आणि सील ओलांडून थेट इनटेकमध्ये (इंजिनच्या हवेच्या वाटेत) जायचं. सायलेन्सरमधून निळा धूर. सगळे म्हणाले सील बदल, बदलला, थोड्याच दिवसांत परत धूर, परत बदलला. मग कुणीतरी सांगितलं फीड अजून बारीक कर. हे कृपा करून ऐकू नका, धूर कमी दिसेल पण इम्पेलर (हवा दाबणारा पंखा) मिनिटाला 40-50 हजार फेरे मारतो, त्याची बेअरिंग कोरडी पडली की संपलं.

होज फीडपेक्षा बराच जाड हवा, वरपासून खालपर्यंत सलग उतार हवा, आणि चेंबरमध्ये त्याचं तोंड ऑइलच्या पातळीच्या वरच उघडलं पाहिजे. त्यासाठी चेंबर खाली उतरवून बंग (होज जोडायचं तोंड) वेल्ड करा. गाडीवरच भोक पाडून ग्रीस लावलं की कीस आत जात नाही असं सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, एक कण पुरतो.

एवढं करूनही ऑइल येत असेल तर पीसीव्ही (इंजिनच्या खालच्या पोकळीतले, म्हणजे क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) बघा. चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर बूस्ट (सुपरचार्जरचा हवेचा दाब) क्रँककेसमध्ये शिरतो आणि परतीचं ऑइल अडवून धरतो.

उष्णता: 25 अंशांची हवा 0.5 बार बूस्टला साधारण 80 अंशांपर्यंत जाते (कॉम्प्रेसरची एफिशियन्सी 65 टक्के धरून), म्हणजे इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) नसेल तर नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोका वाढतो. पाण्याचा इंटरकूलर असेल तर त्यातली हवा पूर्ण काढा, पंप फिरतोय पण पाणी हलत नाही असं हमखास होतं. ऑइल कूलर थर्मोस्टॅटवालाच घ्या, नाहीतर थंडीत ऑइल तापतच नाही आणि आतलं पाणी उडून जात नाही. कूलरची तोंडं वरच्या बाजूला ठेवा.

सुरू करण्याआधी इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून, सुपरचार्जरकडची फीड सैल करून थोडं थोडं क्रँक करा, ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा, मगच घट्ट करा.

पहिल्या फेरीनंतर गाडी गार झाली की डिस्चार्ज पाईप (सुपरचार्जरमधून हवा बाहेर नेणारा) काढून आत बोट फिरवा. ऑइल हाताला लागलं तर नवा सील मागवण्याआधी गाडीखाली जाऊन होजचा उतार बघा.