पोटाखाली मऊ गाठ लागली तर

आमची कुत्री चिंगी अडीच महिन्यांची असताना तिला मांडीवर उताणी घेऊन गोचिडी काढत होते. बेंबीपाशी बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी मऊ लागलं. हलकेच दाबलं की आत जायचं, सोडलं की पुन्हा वर. आई म्हणाली, "रुपयाचं नाणं फडक्यात गुंडाळून बांध, बाळांना बांधायचे तसं." मी बांधलं नाही, तुम्हीही बांधू नका. पट्ट्याखाली कातडी सोलते, आणि जी गाठ रोज डोळ्यांसमोर हवी तीच झाकली जाते. ते नाणं मी गाठीशेजारी धरून दर रविवारी फोटो काढायला वापरलं. गाठ वाढतेय की नाही, ते फोटोत लगेच कळतं.

पोटाच्या स्नायूंत फट राहते आणि तिच्यातून चरबी, कधी आतडंही कातडीखाली येतं. हाच हर्निया. कुत्रं शांत असताना आधी उभं, मग उताणं करून बघा. उभं असताना फुगलेली गाठ उताणं केल्यावर ओसरली तर हर्नियाचा संशय धरा. आत जात नसेल तर ढकलू नका. पू झालेली गाठ, चरबीची गाठ, मादीच्या स्तनातली गाठ यांचाही फुगवटा तसाच दिसतो. खात्री डॉक्टरच हाताने तपासून किंवा सोनोग्राफी करून देतात.

पिल्लांच्या बेंबीची लहान फट बरेचदा सहा महिन्यांपर्यंत आपोआप बुजते. चिंगीची बुजली नाही. मग नसबंदीच्या वेळी एकाच भुलीत तीही शिवून घेतली. जांघेतला फुगवटा मात्र वाट बघण्यासारखा नाही. नसबंदी न झालेल्या मादीत तिथे गर्भाशयसुद्धा उतरू शकतं, म्हणून तिला गाभण राहू देऊ नका.

मोत्याच्या वेळी मी चुकले, ते सांगायलाच हवं. तो दहा वर्षांचा, नसबंदी न झालेला. शी करताना कुंथायचा. मी बद्धकोष्ठ समजून आठवडाभर भोपळा आणि इसबगोल देत राहिले. शेपटी उचलून एकदाही पाहिलं नाही. गुदद्वाराच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी सूज होती, तोही हर्नियाच. एका संध्याकाळी तो नुसताच पाय वर करून उभा राहायला लागला, लघवीचा थेंब नाही. मूत्राशय तिथल्या स्नायूंच्या फटीत सरकून अडकलं होतं. रात्रीच नेला म्हणून वाचला. तुमचा म्हातारा नर कुंथत असेल तर आजच शेपटी उचलून बघा.

मऊ गाठ अचानक कडक, गरम किंवा जांभळी झाली, कुत्रं हात लावू देईना, ओकायला लागलं, जेवण सोडलं, लघवी थांबली, तर सकाळची वाट बघू नका. आत अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि हाताशी काही तासच असतात. आधी फोन करून डॉक्टर जागेवर आहेत ना ते विचारा, म्हणजे फेरा फुकट जाणार नाही. खायला काही देऊ नका, लगेच भूल द्यावी लागू शकते. घरातली क्रोसिन, ब्रुफेन अजिबात नको. माणसांच्या या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरतात. पोटाखाली हात घालून उचलू नका. चादरीवर आडवं ठेवून दोघांनी चादरीची टोकं धरा.

गाडीची धडक बसलेलं कुत्रं धापा टाकत असेल तर बाहेर गाठ शोधत बसू नका. छाती आणि पोट यांमधला पडदा फाटलेला असू शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही, एक्स-रे काढावा लागतो.

ऑपरेशननंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर राहू द्या, कितीही केविलवाणं बघितलं तरी. जिना नाही, सोफ्यावर उडी नाही, शी-शूला फक्त साखळीने. चिंगीसाठी मी तेवढे दिवस अंथरूण जमिनीवर टाकलं होतं, कारण पलंगावर झोपले की ती उडी मारणारच.