डार्क कॉमेडी दाखवताय? या चुका टाळा

इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्ही चार-पाच घरं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. आजवर सगळ्यात जास्त फसल्या त्या डार्क कॉमेडीच्या, म्हणजे मरण, खून, युद्ध असल्या भीषण गोष्टींतून हसवणाऱ्या सिनेमांच्या रात्री. सिनेमे चांगलेच होते, माती आम्ही खाल्ली.

‘पोट धरून हसाल’ असं आमंत्रण

‘जाने भी दो यारों’ लावायचा होता. मी ग्रुपवर टाकलं, ‘फुल धमाल, मुलांनाही आणा.’ आले सगळे. प्रेताला साडी नेसवून महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभं करतात, तिथं आमच्या हॉलमध्ये उशा उडाल्या. मग शेवट आला. खुनाचा पुरावा घेऊन फिरणारे दोन साधे फोटोग्राफरच कैद्यांच्या कपड्यांत, मागे ‘हम होंगे कामयाब’, आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. कुणी बोलेना. काकू चपला घालताना म्हणाल्या, “अरे, पण त्या पोरांनी काय केलं होतं?”

हाच प्रश्न पडावा म्हणून १९८३ साली दिग्दर्शक कुंदन शाह यांनी एवढा गोंधळ घातला होता. पण धमाल बघायला आलेल्या माणसाला तो दगा वाटतो. आता मी लिहितो, ‘हसू येईल, घरी जाताना थोडं गप्प व्हाल, मुलं नकोत.’ माणसं निम्मी येतात, पण मधेच उठत नाहीत.

मधेच कचोरी

ही चूक छोटी वाटते, पण सगळ्यात महाग हीच पडली. ‘अंधाधुन’ (२०१८) चालू होता. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवाला एका घरात वाजवायला येतो. जमिनीवर घरमालक मरून पडलाय, न्हाणीघरात मारेकरी पिस्तूल घेऊन उभा. याला सगळं दिसतंय, पण दिसतंय हे दाखवलं तर हाही मेला. म्हणून तो वाजवत राहतो, आणि मालकाची बायको आणि तो मारेकरी, म्हणजे तिचा यार, आवाज न करता प्रेत हलवायच्या मागे लागतात. संवाद नाही. विनोद कुणीच करत नाहीये. तिघंही जीव मुठीत धरून आपापलं काम करताहेत आणि हसू येतं ते नेमकं त्यामुळे.

तेवढ्यात बेल वाजली. यजमानांनी ट्यूबलाइट लावली. “हिरवी चटणी वेगळ्या पुडीत आहे बरं का!” पुढची पाच मिनिटं कागदाची चुरचुर. पियानो चालूच होता, ताण कधीच सुटला होता. असल्या प्रसंगात दिग्दर्शक सेकंद मोजून श्वास रोखायला लावतो, तो एकदा सुटला की मागे नेऊन पुन्हा दाखवून काही होत नाही. आम्ही करून पाहिलं. खायचं ते आधी खा, नाहीतर नंतर.

‘यात चांगला कोण?’

बहुतेक वेळा कुणीच नाही. शेजारी हे विचारायला लागला तर पाण्याचा ग्लास पुढे करा.

जेवढं रक्त, जेवढ्या शिव्या, तेवढं डार्क

आमच्यातल्या तरुण मंडळींचा हा लाडका गैरसमज. १९६४चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ बघा. अणुयुद्धाने जग संपण्याची गोष्ट, पण भर आहे तो मीटिंगमधल्या शिष्टाचारावर. मूळ कादंबरी गंभीर होती, दिग्दर्शक कुब्रिक यांनाही आधी गंभीर सिनेमाच करायचा होता. शेवटी वॉर रूममध्ये, म्हणजे युद्धाच्या बैठकीच्या खोलीत, सगळे एकमेकांना क्रीमचे ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) फेकून मारतात, असा मोठा प्रसंग त्यांनी शूट केला आणि मग कापून टाकला. माझ्या मते बरं केलं. तिथं पात्रांनाच मजा वाटू लागली असती, तर बॉम्बची भीती उरली नसती.

‘मेलेल्या माणसावर विनोद आपल्यात चालत नाही’

हे नानांचं वाक्य. गंमत म्हणजे सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ त्यांना प्रिय. १९७४चं नाटक, मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो! मी आठवण करून दिली, तर म्हणाले, “ते नाटक आहे.”

मग मी नाटक सोडलं आणि आमच्या आजोबांचा दिवस काढला. शववाहिनी दारात, आणि दोन काका भांडताहेत, राजवाड्यावरून जायचं की मागच्या रस्त्यानं. मोठे म्हणाले, “घाई कसली आहे?” धाकटे म्हणाले, “त्यांना नाही, भिया (दादा), मला दुकान उघडायचंय.” आत्या पदर तोंडात कोंबून हसली आणि त्याच पदराने रडली. नाना तिथंच उभे होते. आता सांगितलं तर म्हणाले, “तेव्हा मीच वळून भिंतीकडे तोंड केलं होतं.”

हल्ली सिनेमा संपला की लगेच चर्चा उकरून काढत नाही. ज्यांना झोप येत नाही ते सराफ्यात येतात. पेढ्या बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. परवा भुट्ट्याच्या किसाचा दुसरा द्रोण घेताना काकू स्वतःहून म्हणाल्या, “त्या साडीवाल्या प्रेताला मी फार हसले हो. हसायला नको होतं का?”

नाना म्हणाले, “आधी खा, गार होतंय.”