जुना कमोड काढून कमी पाण्याचा बसवताना

नवा कमोड घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. त्याआधी मेजरिंग टेप, बादली आणि थोडा खाण्याचा रंग घेऊन संडासात जा. निम्मं काम तिथेच होतं.

पहिली तपासणी गळतीची. टाकीत रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला तर टाकीच्या तळाचा फ्लश व्हॉल्व्ह गळतोय. अशी टाकी रात्रंदिवस पाणी सोडत राहते. कधी कधी तिथलं रबर बदललं की कमोड बदलण्याची गरजच उरत नाही.

गळती नसेल तर एका फ्लशला किती पाणी जातं ते मोजा. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा, फ्लश करा आणि टाकी मोजून-मापून आधीच्या पातळीपर्यंत भरा. जुन्या टाक्यांना साधारण १० ते १३ लिटर लागतात. आताच्या ड्युअल फ्लशला मोठ्या बटणावर ६ किंवा ४.५ लिटर आणि छोट्यावर ३ लिटरच्या आसपास. घरात दिवसाला २० वेळा फ्लश होतो आणि त्यातला चार वेळा मोठा, असं धरलं तर १२ लिटरच्या टाकीला २४० लिटर लागतील, ६ आणि ३ लिटरच्या टाकीला ७२. तुमचा आकडा मुळातच ६-७ निघाला तर मात्र फोडाफोडीची घाई नको.

जुन्या टाकीत वीट ठेवण्याची युक्ती अजून सांगितली जाते. वीट भिजून झिजते, तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. शिवाय १२ लिटरसाठी बनवलेलं भांडं ८ लिटरमध्ये साफ होत नाही आणि दोनदा फ्लश करावा लागतो. भांडं आणि टाकी एकमेकांसाठी बनवलेली असतात. त्यामुळे जुन्या भांड्यावर नुसती छोटी टाकी बसवूनही फायदा होत नाही. दोन्ही एकत्रच बदला.

आता सर्वांत महत्त्वाचं माप. मैला जमिनीत उतरत असेल तर तो एस-ट्रॅप, मागच्या भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपला भिंतीच्या टाइलपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. टेप स्कर्टिंगला टेकवला तर तेवढी जाडी मापातून निसटते. कमोड बसलेला असताना मधोमध अंदाज येत नसेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट बघा. काही जातींत ते आउटलेटच्या मध्याच्या रेषेत असतात, पण सगळ्यांत नाही. पी-ट्रॅपला जमिनीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. माप कागदावर लिहून सोबत न्या. १०० आणि ३०० मिलिमीटरच्या मॉडेलमधला फरक ‘जमवून घेऊ’ म्हणून जमत नाही.

खरेदी करताना केवळ लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. एका फ्लशमध्ये किती ग्रॅम घन पदार्थ वाहून जातो हे दिलं असेल तर ते वाचा. मॅप नावाच्या चाचणीत त्यासाठी चक्क सोयाबीनची पेस्ट वापरतात. अमेरिकेतल्या वॉटरसेन्स या पाणीबचतीच्या लेबलला किमान ३५० ग्रॅम लागतात. चांगली मॉडेलं १००० पर्यंत जातात. भांड्याच्या आतल्या वाटेलाही चकाकी आहे ना, हे बोट घालून पाहा. खरबरीत वाटेत कमी पाणी अडखळतं.

काढण्याचं काम नाजूक असतं. अँगल कॉक बंद करा. तो जुना असेल तर पूर्ण बंद होईलच असं नाही. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करून कॉकही नवाच लावा. फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपा, कनेक्शन पाइप सोडवा, टाकी उतरवा. तळाचा सिलिकॉनचा सांधा ब्लेडने कापला की भांडं हलकेच डोलवून सुटतं. व्हाइट सिमेंटमध्ये गाडलेलं असेल तर छिन्नी लागेल आणि भांडं बहुधा फुटेल. तेव्हा चष्मा आणि जाड हातमोजे घालाच. चिनी मातीच्या कपच्या सुरीसारख्या कापतात. भांडं उचलताक्षणी आउटलेटमध्ये फडक्याचा बोळा कोंबा, म्हणजे वास आणि कचरा दोन्ही थांबतील. बोळ्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा. बोळाच आत गेला तर पुढचा आठवडा पाइपात काय अडकलंय हे शोधण्यात जाईल.

जुनं सिमेंट खरवडून जमीन कोरडी करा, आउटलेटची कड तडकलेली नाही ना ते बघा. नवं भांडं आधी काही न लावता ठेवून पाहा आणि बोल्टच्या जागा पेन्सिलने आखा. ड्रिल हळू चालवा, खाली वॉटरप्रूफिंगचा थर असू शकतो. भोकात सिलिकॉन भरून मगच बोल्ट घाला. बोळा काढा, पॅन कनेक्टरच्या (भांडं आउटलेटला जोडणाऱ्या तुकड्याच्या) रबराला साबणाचं पाणी लावून भांडं सरळ खाली दाबा. तेल-ग्रीस नको, रबर खराब होतं. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावा, डोलत असेल तर प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवा. नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. भांडं हललं नाही की थांबा. अजून एक फेरा द्यायच्या मोहात चिनी माती तडकते.

टाकी आणि कनेक्शन पाइप जोडून पाणी सुरू करा. टाकीतली पातळी ठरवणारा फ्लोट आतल्या खुणेवर ठेवा. खुणेच्या वर पातळी नेली तर कमी पाण्याचा कमोड घेऊन उपयोग काय? प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिशू धरून पाच-सहा वेळा फ्लश करा. टिशू कोरडाच राहिला तर तळाला सिलिकॉनची रेघ ओढा, पण मागे दोन बोटं जागा मोकळी ठेवा. पुढे कधी सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर येईल, टाइलखाली मुरणार नाही. सिलिकॉनच्या नळीवर सुकण्याचा जो वेळ लिहिलाय तेवढा तो संडास बंद ठेवा.

घरातल्यांना, विशेषतः मुलांना, छोटं बटण कोणतं ते दाखवा. वेट वाइप्स भांड्यात टाकायचे नाहीत हेही सांगा. कमी पाण्यात ते पाइपाच्या वळणावरच थबकतात.