फलकावरचं नाव ठेवायचं की काढायचं: एका निवृत्त पीटी मास्तरची रीत

आमच्या मंडळाच्या खोलीत शिरलं की समोरच लाकडी फलक दिसतो. चॉकलेटी ऑइलपेंट, त्यावर पिवळ्या अक्षरात वर्ष आणि नाव. रेशीमबागेकडच्या मैदानावर सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे फलकावरची निम्मी पोट्टी माझ्याच हाताखालची. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एका नावावरून आम्ही दोन महिने भांडलो. ‘2006, सर्वोत्कृष्ट फलंदाज.’ वर्धापनदिनाला तो पाहुणा म्हणून आला, लहान पोरांसमोर बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, त्या वर्षी मी स्टेरॉइडची, स्नायू फुगवायची, इंजेक्शनं घेत होतो. बसलेल्यांच्या हातातले तर्री-पोहे हातातच राहिले.

तुमच्या शाळेवर, आखाड्यावर अशी वेळ आली तर काय करायचं, ते लिहून ठेवतो. आम्ही आधी चुकलो, मग सुधारलो. रीत बरीचशी अमेरिकन बेसबॉलवाल्यांकडून उचलली आहे, कारण या प्रश्नावर त्यांच्याइतकं डोकं क्वचितच कोणी खाजवलं असेल.

सगळ्यात आधी नोंद आणि मान वेगळे करा. आमचं पहिलं भांडण इथेच झालं. अर्धे म्हणत होते, ‘त्याने रन काढलेच नाहीत असं कसं म्हणता?’ तसं कोणीच म्हणत नव्हतं. बॅरी बाँड्स या अमेरिकन फलंदाजाच्या नावावर 762 होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानापार टाकणारे फटके, आहेत, त्यातले 73 एकट्या 2001च्या हंगामातले. हे आकडे कोणी खोडलेले नाहीत. पण न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी थोर बेसबॉलवाल्यांचा मान करणारं जे हॉल ऑफ फेम आहे, तिथे ब्राँझच्या पाट्यांच्या दालनात, स्टेरॉइडच्या संशयामुळे, बाँड्सची पाटी नाही. त्याच इमारतीतल्या संग्रहालयाकडे मात्र त्याच्या विक्रमी 756व्या होमरनचा चेंडू आहे. तो एका फॅशनवाल्याने 2007 साली साडेसात लाख डॉलरला घेतला, काय करायचं ते लोकांना ऑनलाइन विचारलं आणि लोकांच्या कौलाप्रमाणे त्यावर वादग्रस्त विक्रमाची खूण म्हणून चांदणी (*) कोरून संग्रहालयाला देऊन टाकला. संग्रहालयाचं काम घडलं ते सांगणं, पाटीचं काम मान देणं. मंडळातही तेच करा: स्कोअरबुक आणि रजिस्टरला हात लावायचा नाही, वाद फक्त फलकाचा.

मग पुराव्याची प्रतवारी. मी चार पाकिटं केली, खरोखरची, खाकी. पहिल्यात स्वतः कबूल करणारा. मार्क मॅग्वायरने 1998 साली 70 होमरन मारले आणि जानेवारी 2010मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. दुसऱ्यात नियमाखाली शिक्षा झालेला. मॅनी रामिरेझ 2009 आणि 2011 असा दोनदा अडकला, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज 2014चा अख्खा हंगाम बाहेर बसला. तिसऱ्यात साक्षी आणि कागद आहेत पण कबुली नाही असा. बाँड्सने कोर्टात सांगितलं की जाणूनबुजून घेतलं नाही. गोलंदाज रॉजर क्लेमेन्सचं नाव 2007च्या मिचेल अहवालात, म्हणजे बेसबॉलमधल्या औषधांच्या चौकशीच्या अहवालात, आलं, तो कायम नाही म्हणत राहिला आणि खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यातून 2012 साली सुटला. चौथ्या पाकिटात नुसती कुजबुज.

हे चौथं पाकीट सभेत उघडायचंच नाही. माइक पियाझा या खेळाडूच्या पाठीवर फोडं होती (स्टेरॉइडने अशी फोडं येतात) म्हणून एका पत्रकाराने त्याच्यावर बोट ठेवलं. मिचेल अहवालात त्याचं नाव नाही, तरी पाटी मिळायला 2016 उजाडलं, मतदानाच्या चौथ्या खेपेला. आमच्याकडेही एका सभासदाने ‘2011वाला पोट्टाही फारच फुगला होता’ असं सुरू केलं. अध्यक्षांनी त्याला तिथेच गप्प केलं. बरं केलं.

पाकिटं झाली की तारीख बघा. काम रटाळ आहे, पण टाळू नका. बेसबॉलच्या कमिशनरने, म्हणजे मुख्य कारभाऱ्याने, 1991 साली पत्रक काढून स्टेरॉइडला मनाई केली होती, पण चाचणीच नव्हती. 2003 साली पहिल्यांदा निनावी चाचण्या झाल्या, 2004पासून शिक्षा आल्या, 2006पासून पहिल्या गुन्ह्याला पन्नास सामने, 2014पासून ऐंशी. म्हणून 1998च्या माणसाला आणि 2011च्या माणसाला एकाच काट्यावर तोलता येत नाही. आमच्या मंडळात 2006 साली लेखी नियमच नव्हता, आणि त्याच्या बाजूने हा मुद्दा जोरात मांडला गेला. त्यावर आमच्या खजिनदार ताईंनी एकच विचारलं: ‘मग सिरिंज वहीच्या कव्हरात काहून लपवत होता?’

आता जे लिहिणार आहे ते मला जड जातं. तारखेनंतर विचारायचं: तेव्हा बघून न बघितल्यासारखं कोणी केलं?

1994 साली संप झाला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली आणि प्रेक्षक रुसले. 1998मध्ये मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोन फलंदाजांच्या होमरनच्या शर्यतीने मैदानं परत भरली. मॅग्वायरच्या कपाटात अँड्रो नावाच्या ताकदीच्या औषधाची बाटली दिसली, तेव्हा ती बेसबॉलमध्ये चालत होती. सगळे खूश होते. त्या काळी कमिशनर होता बड सेलिग. त्याची पाटी 2017 साली लागली. मॅग्वायरच्या संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, टोनी ला रूसाची 2014 साली. खेळाडू बाहेर, साहेब आत.

आमच्याकडचा साहेब मी होतो. तो पोरगा दिवाळीनंतर तीन महिन्यांत असा काही भरला की जर्सी दंडावर चढेना. पाठीवर, खांद्यावर लाल फोडं. एरवी ‘हो जी सर’ म्हणणारा, तो कॅच सुटला म्हणून हेल्मेट आपटायला लागला. गल्लीतल्या जिममध्ये जातो हे मला ठाऊक होतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी तिथे कोण काय देतं तेही ऐकून होतो. पण युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड तोंडावर होती आणि पोट्टा चेंडू कंपाउंडपार टाकत होता. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. आणि एक सांगतो, नुसत्या फोडांवरून फलकावरचं नाव काढायचं नसतं, पण पोराला बाजूला घेऊन विचारायला तेवढी फोडं पुरतात.

म्हणून आम्ही ठरवलं की ज्याने डोळेझाक केली त्याने मत द्यायचं नाही. कार्यकारिणी बारा जणांची, मी उठून व्हरांड्यात बसलो.

सभेच्या आधी आणखी एक काम, ते कोणी करत नाही: जागा कोणाची गेली ते शोधा. फ्रेड मॅग्रिफने 493 होमरन मारले, त्याच्यावर कधी संशय आला नाही. पण हंगामाला साठ-सत्तर होमरनच्या जमान्यात त्याचे तीस-पस्तीस कोणाच्या डोळ्यात भरणार? हॉल ऑफ फेमसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात दहा वर्षं झुलला, शेवटच्या वेळी 2019ला चाळीस टक्केही नाहीत. डिसेंबर 2022मध्ये सोळा जणांच्या समितीने सोळाच्या सोळा मतांनी त्याला घेतलं. आमचा मॅग्रिफ नागपूरच्या महाल भागात हार्डवेअरचं दुकान चालवतो. 2006ला तो दुसरा होता आणि टीममधून एका जागेने राहिला. मी भेटायला गेलो. खिळे तोलता तोलता तो म्हणाला, ‘सर, आता माझं नाव टाकून काय होते? टीम तर गेली ना जी.’ चहा मात्र पाजला.

मतदान गुप्त घ्या, हात वर करून नको. हॉल ऑफ फेमला 75 टक्के लागतात, आणि कोरी मतपत्रिकाही मोजणीत धरतात. हा नियम फार कामाचा, कारण कुंपणावर बसणाऱ्यालाही जबाबदारी घ्यावी लागते. बाँड्स 2013ला 36 टक्क्यांवर सुरू झाला आणि दहाव्या, शेवटच्या वर्षी 2022ला 66वर अडकला. कबुली देणारा मॅग्वायर शेवटी 12 टक्क्यांवर संपला. त्याची एकूण कारकीर्द बाँड्सएवढी मोठी नव्हती हे खरं, तरी खरं बोलणाऱ्याच्या पदरी काय पडलं हे मला खटकतं. त्यासाठी आम्ही ठरावात एक ओळ घातली: स्वतःहून सांगणाऱ्याला मैदानावर शिकवायला मज्जाव नाही. आमचा 2006वाला आता महिन्यातून एका रविवारी येतो आणि पोरांना सुईची गोष्ट सांगतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बाँड्सला मी पाटी देणार नाही, पण सेलिगची पाटी आधी उतरवीन.

आमच्याकडे अकरा मतं पडली, नाव ठेवायला नऊ हवी होती. सात ठेवा, तीन काढा, एक कोरं. नाव निघालं. रजिस्टरमध्ये त्याच्या रनांसमोर तांबड्या शाईने दोन ओळी लिहिल्या: खेळाडूने औषध घेतल्याचं स्वतः सांगितलं, प्रशिक्षकाला शंका होती, त्याने विचारलं नाही. दुसऱ्या ओळीखाली सही माझी आहे.

शेवटचं काम पेंटरचं. थिनरने पुसायला सांगू नका, खालची पॉलिश निघते. आमच्या पेंटरभाऊने पट्टीवर चॉकलेटी रंगाचा हात मारला, पण जुना रंग उन्हाने फिका पडलेला, त्यामुळे नवी पट्टी गडद उठून दिसते. शिडीवरूनच त्याने विचारलं, ‘सर, 2006 राहू देऊ की तेही झाकू?’

‘राहू दे,’ म्हटलं.