खोकल्याची ती बाटली घरी आणल्यावर

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला 21 वर्षं झाली. "ते मागच्या वेळचं, झोप लागणारं द्या" म्हणत कुणी आलं की मी आधी चिठ्ठी मागतो. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे. ते खोकल्याचं कोडीनवालं सिरप असतं आणि ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक सरकारी यादीत येतं; कुणाला दिलं, कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, किती, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून मला 3 वर्षं जपावं लागतं. पण रजिस्टर राहतं दुकानात आणि बाटली जाते तुमच्या घरी.

घरी गेल्यावर आधी लेबल वाचा. लाल अक्षरांत 'आरएक्स' आणि लाल चौकटीत इशारा असेल, तर हा आल्याचा काढा नव्हे. घटकांत 'कोडीन फॉस्फेट' शोधा. कोडीन अफूच्या कुळातलं. यकृत त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं, काहींच्या अंगात ते फार भराभर होतं, आणि ती माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. म्हणून आजोबांच्या बाटलीतलं नातवाला "चमचाभरच" द्यायचं नाही. 12 वर्षांखाली तर अजिबात नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसं आधीच सांगावं.

आता मापाचं. आमच्या आईला मीच बाटली आणून दिली आणि माप दाखवायचं विसरलो. मेडिकलवाल्याच्या घरातली ही तऱ्हा! तिने आमटीच्या चमच्याने दिवसातून तीनदा घेतलं. नंतर त्या चमच्यात पाणी भरून मोजलं, तर 14 मिली. चिठ्ठीवर होतं 5. वर रात्रीची झोपेची गोळी चालूच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेना. हाक मारली की "हं" म्हणायची आणि परत घोरायला लागायची. डॉक्टरांकडे नेलं म्हणून निभावलं. दारू, झोपेची गोळी किंवा घबराटीवरची गोळी या औषधासोबत गेली की श्वास मंदावतो. तेव्हा मापाचा कप बाटलीला रबरबँडने बांधूनच ठेवा. दमा असेल, छातीत कफ घरघरत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. खोकला दाबला की कफ आतच राहतो.

खोकला थांबला की औषधही थांबवायचं. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा असं आम्हीच बजावतो, त्यामुळे लोक हेही 'संपवून टाकतात'. उरलेलं चहाच्या चोथ्यात मिसळून कचऱ्यात टाका. कपाटात 'पुढच्या पावसाळ्यासाठी' ठेवू नका, घरातल्या तरुण पोराच्या हाती पहिल्यांदा तीच लागते.

खोकला गेला तरी रात्री बाटली लागतेच, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, शौचाला दिवसेंदिवस होत नाही, गादीखाली रिकाम्या बाटल्या: असं दिसलं तर आरडाओरडा करू नका. बाटली एकदम हिसकावूनही घेऊ नका. सवय लागलेल्याला घाम, जुलाब, अंगदुखी सुरू होते आणि तो दुसरीकडून आणतो. डॉक्टरांकडे न्या, किंवा नशामुक्तीच्या 14446 या मोफत क्रमांकावर बोला.

माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार संथ असेल, ओठ निळसर पडले असतील, तर कुशीवर वळवा आणि 108 लावा. लिंबूपाणी पाजू नका, उलटी करवू नका. बाटली सोबत न्या. कोडीनवर उतारा म्हणून नॅलोक्सोन आहे, पण पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.