कोकणच्या हवेत बंदुकीच्या देखभालीचे टेबल

बागेच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेजारीपाजारी एक प्रश्न वरचेवर विचारतात, की घरीच एखादे टेबल मांडून उडवलेली काडतुसे पुन्हा भरता येतील का. अमेरिकेत कित्येक नेमबाज हा उद्योग घरच्या घरी करतात हे खरे. परंतु आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. तेव्हा काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत. टेबल मात्र अवश्य मांडावे, पण ते देखभालीसाठी, कारण समुद्रापासून दोन-चार मैलांच्या आत राहणाऱ्याच्या बंदुकीला रानडुकरापेक्षा खाऱ्या वाऱ्याची भीती अधिक असते.

जागा निवडताना पहिला मोह पडवीचा होतो, कारण तेथे उजेड भरपूर असतो. पण पावसाळ्यात पडवीत झड येते आणि चिऱ्याची भिंत महिनोन्महिने ओल धरून राहते. आतली, दाराला कडी लागणारी खोली घ्यावी आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. पूर्वी आमच्या घरी बंदूक चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत. धुरामुळे ती कोरडी राहत असे, मात्र त्या उबेने दस्त्याचे लाकूड तडकले आणि ती चीर आजही बोटाला लागते.

टेबल चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि उभ्याने काम करणाऱ्याच्या कमरेच्या थोडे वर येईल इतके, म्हणजे सुमारे तीन फूट उंच असावे. घरच्या फणसाची दीड इंच जाडीची, पुरती वाळलेली फळी मिळाल्यास बाजारचे प्लायवूड आणू नये. मुंग्यांसाठी कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगाची नाही, कारण जी ओल टाळायची तीच आपण टेबलाखाली मांडून ठेवतो. पायांखाली फरशीचे तुकडे पुरेसे आहेत. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकावी, म्हणजे सुटलेला स्क्रू घरंगळून जमिनीवर जाणार नाही. बंदुकीचे स्क्रू बाजारात सहज मिळत नाहीत, हे तो हरवल्यावरच कळते.

नळी शिकंज्यात कधीही आवळू नये. बारा बोअरच्या नळीचा पत्रा तोंडाकडे इतका पातळ असतो की शिकंज्याचा थोडासा दाबही तिला पोचा पाडू शकतो. त्याऐवजी दोन उभ्या फळ्यांना वर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडाव्यात, खाचांना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवावेत आणि त्या एकमेकींपासून सुमारे दीड फुटावर पक्क्या बसवाव्यात. बंदूक या पाळण्यात ठेवली की दोन्ही हात मोकळे राहतात. पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असेच घासून घ्यावे. रेडिओ दुरुस्तीच्या पेचकसाने किती बंदुकांचे स्क्रू विद्रूप झाले आहेत याची गणती नाही.

या टेबलावर काडतूस, बंदुकीची दारू किंवा टोप्या (घोड्याच्या आघाताने दारू पेटवणाऱ्या छोट्या वाट्या) यांपैकी काहीही येऊ द्यायचे नाही. त्यांची जागा दुसऱ्या खोलीत, कुलपात. काडतुसाची बंदूक हाती घेताच मोडून, म्हणजे नळी उघडून, आत डोळ्यांनी पाहावे आणि मग बोट घालूनही खात्री करावी. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायच्या बंदुकीत बार (भरलेली दारू आणि छरे) आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि जुने अपघात याच ठिकाणी झालेले असतात. घोड्याखाली टोपी नाही हे आधी पाहावे आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बाजूला उभे राहून गज, म्हणजे बार ठासायची लांब काठी, नळीत अलगद सोडावा. तोंडाशी येईल तेथे गजावर पेन्सिलीने खूण करावी आणि तोच गज, खूण तोंडाशी जुळवून, नळीच्या बाहेरून धरावा. त्याचे टोक जवळजवळ निपलपर्यंत, म्हणजे टोपी बसते त्या बोंडापर्यंत, पोचले तर नळी रिकामी. ते चार-पाच बोटे अलीकडे थांबले तर आत बार आहे. असा बार स्वतः उकरून काढू नये, परवानाधारक कारागिराकडून काढून घ्यावा.

साफसफाईची रीत दारूवर अवलंबून असते. काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढून घेते आणि तिच्यातले क्षार तेलात विरघळत नाहीत. म्हणून ठासणीच्या नळीत नुसते तेल फिरवणे म्हणजे घाणीवर पांघरूण घालणे होय. नळी दस्त्यापासून सुटणारी असेल तर तिचे निपलकडचे टोक कढत साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि गजाला चिंधी गुंडाळून पंपासारखे पाणी वर-खाली ओढावे. पाणी आधी शाईसारखे काळे येते, मग राखाडी, आणि चौथ्या-पाचव्या बादलीला स्वच्छ. शेवटचे पाणी उकळते घ्यावे, कारण तापलेले लोखंड आपल्याच उष्णतेने कोरडे होते. काडतुसाच्या बंदुकीला एवढा खटाटोप लागत नाही: पितळी ब्रश काडतूस बसते त्या बाजूने घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढावा, मग कोरड्या चिंध्या, मग तेलाची चिंधी. ब्रश अर्ध्यावर उलटा फिरवल्यास त्याचे केस मोडतात. रॉकेल काजळी सोडवते, पण ते उडून गेल्यावर लोखंड उघडे पडते, म्हणून त्यानंतर तेल हवेच. शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल चालत नाही.

दस्त्याला जवसाचे तेल चोळावे, मात्र त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या बाहेर दोरीवर पसरून वाळवाव्यात. छऱ्यांच्या शिशाचा अंश काजळीत असतो, म्हणून चहाचा कप या टेबलावर नको आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

निवडणुकीच्या काळात अनेकदा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी माझी बंदूक सुमारे दोन महिन्यांनी परत आली, तेव्हा नळीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजात उमटलेला होता, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. घामातल्या मिठाने ते काम केले होते. तक्रार करून उपयोग झाला नाही. तेव्हापासून जमा करण्याच्या आदल्या रात्री नळीला आत-बाहेर दाट ग्रीस लावतो, बंदूक तेलकट कागदात गुंडाळतो आणि पावतीवर तिची स्थिती लिहून घेतो.

गवसणी फक्त ने-आण करण्यासाठी असते. चामड्याची किंवा कॅनव्हासची गवसणी ओल धरते, आणि तिच्यात ठेवलेली बंदूक मृगापासून गणपतीपर्यंत सहज गंजते. कुलूपबंद कपाटात ती उघडी, तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्यात मुरत नाही. शेजारी सिलिका जेलचा डबा ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेने पुन्हा निळे होईपर्यंत परतावेत, पण तो तवा स्वयंपाकाचा नसावा. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तेलाची चिंधी फिरवावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर खूण करावी.