घरातील समारंभात फ्लॅशचा प्रकाश मऊ कसा केला
बारशाच्या छायाचित्रांत चेहरे पांढरेफटक, भिंतीवर गडद सावल्या आणि मागची खोली काळोखी, यांपैकी पहिले दोन दोष फ्लॅशचे तोंड छताकडे वळवताच गेले. कारण पांढऱ्या छतावरून परतणारा प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून येत असल्याने सावल्यांच्या कडा मऊ होतात. (छत रंगीत असेल तर तोच रंग त्वचेवर उतरतो, अशा वेळी बाजूची पांढरी भिंत बरी.) अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणून मागच्या खोलीसाठी तेथील दिव्यांचाच आधार घेऊन प्रकाश जास्त वेळ आत यावा म्हणून शटर १/२०० सेकंदावरून १/६० सेकंदावर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० वरून ८०० वर नेले. फ्लॅशचा प्रकाशही पिवळ्या दिव्यांसारखाच व्हावा म्हणून त्यावर नारिंगी फिल्टर लावून व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या पर्यायावर ठेवला, तेव्हा बाळाचा चेहरा आणि पाळण्यामागची भिंत यांचे रंग जुळले.